वत्सगुल्माचें किण्व : वऱ्हाडच्या लोहमार्गावरील एका विस्मृत धंद्याचा विचार

जपान देशांत ऐतिहासिक स्थळें पाहावयास निघालेला प्रवासी आगगाडीनें एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जातो, तेव्हां देवालयें, किल्ले व राजवाडे यांच्या जोडीनें भाताचें मद्य तयार करणाऱ्या जुन्या कोठ्याहि तो पाहतो. त्या पाहण्यांत चोरी नाहीं कीं संकोच नाहीं. त्या देशाच्या इतिहासाचें तें एक अंगच समजलें जातें. आमच्या वऱ्हाडांतहि प्राचीन स्थळें आहेत, लोहमार्ग आहे, आणि मद्यसंधानाची लेखनिविष्ट परंपरा तर जपानच्या उपलब्ध ग्रंथांहून जुनी आहे. असें असतां वाशीम अथवा कारंजा पाहावयास येणाऱ्या अभ्यासकाच्या यादींत या धंद्याचें एकहि स्थळ नसतें. हें असें कां झालें आणि या बाबतींत इतिहाससंशोधकाचें कर्तव्य काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मद्यपानाची भलावण करण्याचा यांत हेतु नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

१. जपानचें उदाहरण

जपानांत पहिला लोहमार्ग १८७२ सालीं तोक्योंतील शिंबाशी व योकोहामा यांच्या दरम्यान सुरू झाला आणि १८७४ त ओसाका व कोबे हीं शहरें जोडलीं गेलीं. कोबे व निशिनोमिया यांच्या किनाऱ्यावरील नाडा हा टापू तत्पूर्वींच मद्याविषयीं प्रसिद्ध होता. तेथील पिंपें खास जहाजांतून एदो येथें, म्हणजे आजच्या तोक्योस, जात असत. निशिनोमिया येथील कांहीं विहिरींचें पाणी या कामास विशेष मानवतें, असें १८४० च्या सुमारास ध्यानांत आलें, तेव्हांपासून तें पाणी इतर कोठीवाल्यांस नेऊन विकणें हाहि एक धंदा झाला. क्योतोच्या दक्षिणेस फुशिमी व हिरोशिमाच्या पूर्वेस साइजो हीं याच कीर्तीचीं दुसरीं दोन ठिकाणें होत. साइजो येथें तर स्थानकाबाहेर पडून थोडें चाललें कीं कोठ्यांचीं विटांचीं धुराडीं दिसूं लागतात. फुशिमी येथील एका जुन्या पेढीनें १९१० सालीं लहानशा बाटलीला प्याला जोडून ती स्थानकांवर प्रवाशांस विकण्यास आरंभ केला. लोहमार्गानें त्या देशांत जुना धंदा मोडला नाहीं. उलट त्याला नवें गिऱ्हाईक आणून दिलें.

मद्य करण्याची तेथील रीत थोडक्यांत अशी : तांदूळ सडून, धुऊन, वाफेवर शिजवितात. त्यांपैकीं कांहीं भातावर एका विशिष्ट बुरशीचें बीज पसरून तो उबदार खोलींत सुमारें दोन दिवस ठेवितात. यालाच ‘कोजी’ म्हणतात. कोजीच्या योगानें भातांतील पिष्टाची साखर होते. पुढें पाणी, भात व कोजी यांचें विरजण सिद्ध झालें म्हणजे त्यांत तीन वेळां भर घालितात. पिष्टाची साखर होणें व साखरेचें मद्य होणें या दोन्ही क्रिया एकाच पिंपांत एकाच वेळीं चालतात, हें या रीतीचें वैशिष्ट्य होय. काम हिवाळ्यांत चालतें. मुख्य कारागिरास ‘तोजी’ म्हणतात व त्याच्या हाताखालचे लोक पूर्वीं बहुधा शेतीचें काम आटोपून आलेले खेडूत असत. नवें मद्य उतरलें कीं ‘सुगी’ नामक वृक्षाच्या हिरव्या डहाळ्यांचा गोळा कोठीच्या पडवीस टांगितात. संस्कृतज्ञ वाचकास येथें मनुस्मृतींतील ‘ध्वजवान्’ हा शब्द आठवेल. सुराविक्रयी घरावर ध्वज लावीत असे, म्हणून त्याला तें नांव पडलें. दोन दूरच्या देशांत एकाच धंद्यानें आपल्या दाराशीं खूण टांगावी, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

जपानचें सरकार या धंद्याविषयीं उदार होतें असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. १८९९ सालीं तेथें घरगुती मद्य करण्यास बंदी झाली, आणि त्याच सुमारास मद्यावरील कर हा जमीनमहसुलालाहि मागें टाकणारा उत्पन्नाचा मार्ग झाला. शेतकऱ्याचें घरचें मद्य त्यांत बुडालें. परंतु परवानगी घेऊन कर भरणारी जुनी कोठी, तिचीं भांडीं, तिचे कारागीर व त्यांची विद्या हीं टिकलीं. १९०४ सालीं सरकारनेंच या विद्येच्या शास्त्रीय अभ्यासासाठीं एक संस्था काढिली. डिसेंबर २०२४ मध्यें युनेस्कोनें कोजीपासून मद्य करण्याच्या जपानी कौशल्याची मानवजातीच्या अमूर्त वारशांत गणना केली. कर घेणारें राज्य व जतन करणारें राज्य हीं तेथें एकच होतीं, ही गोष्ट पुढील विवेचनांत उपयोगीं पडेल.

२. वाशीमचा मार्ग

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. भुसावळहून नागपुरास जाणारा लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरापर्यंत पोंचला. अकोला व मूर्तिजापूर हीं स्थानकें त्याच मार्गावर आहेत. अकोल्याहून दक्षिणेस पूर्णेकडे जो फांटा जातो, त्यावर वाशीम लागतें. यांपैकीं पूर्णा ते हिंगोली हा तुकडा निजामाच्या राज्यांत १९१२ सालींच झाला होता. हिंगोलीपासून उत्तरेकडचा भाग स्वातंत्र्यानंतर पुरा झाला. पुढें अकोला ते पूर्णा हा मार्ग रुंद करण्यांत येऊन २००८ पासून त्यावर मोठ्या गाड्या धांवूं लागल्या. वाशीम हें इंग्रजी अमलांत जिल्ह्याचें ठिकाण होतें. तो जिल्हा १९०५ सालीं मोडला आणि १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा निघून पुन्हां अस्तित्वांत आला.

येथें उतरणारा प्रवासी सामान्यतः बालाजीचें देवालय व त्यापुढील देवतळें पाहतो. नागपूरकर भोसल्यांच्या पदरचे भवानी काळू यांनीं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तें बांधविलें. त्यानंतर पद्मतीर्थ व मध्यमेश्वर यांचें दर्शन होतें. परंतु वाशीमचें खरें माहात्म्य याहून पुष्कळ जुनें आहे. हेंच वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेलें वत्सगुल्म होय. पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन यानें चौथ्या शतकांत ही शाखा स्थापिली. तो स्वतः कवि होता व ‘हरिविजय’ नामक त्याच्या प्राकृत काव्याचा गौरव आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रज्ञानें केला आहे. राजशेखरानें आपल्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा विवाह याच नगरांत लावून दिला आहे.

या शाखेचा निर्णायक पुरावा १९३९ सालीं खुद्द वाशीम येथें सांपडला. सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ति याचा, राज्यवर्ष ३७ चा, वत्सगुल्माहून दिलेला ताम्रपट यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे व श्री. महाजन यांनीं प्रसिद्ध केला आणि म. म. वा. वि. मिराशी यांनीं त्याचें महत्त्व विशद केलें. तत्पूर्वीं अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील वंशावळीचा अर्थ नीट लागत नव्हता. या ताम्रपटामुळें वत्सगुल्माचें घराणें स्वतंत्र होतें हें सिद्ध झालें. ताम्रपटांतील वंशवर्णन संस्कृतांत व दानाचा व्यावहारिक भाग प्राकृतांत आहे. त्या प्राकृत भागांत, दान दिलेल्या गांवास कोणकोणत्या राजकीय हक्कांपासून मोकळीक आहे, याची एक लांबलचक मालिका दिली आहे. इतिहासकार राजांचीं नांवें वेंचून घेतात व ही मालिका ओलांडून पुढें जातात. आमच्या विषयाचें बीज मात्र तींतच आहे.

३. ‘किण्व’ शब्दाची साक्ष

वाकाटकांच्या दानपत्रांतील या माफ्यांचें संस्कृत रूप पाहावयाचें तर दुसऱ्या प्रवरसेनाचा चम्मक ताम्रपट घ्यावा. चम्मक हें गांव अचलपुराजवळ आहे. ताम्रपटांत त्याचें नांव चर्मांक असून तें मधुनदीच्या तीरीं, भोजकट राज्यांत होतें असें म्हटलें आहे. त्या गांवीं राजाचे भट व छत्र शिरणार नाहींत, फुलें व दूध घेतलें जाणार नाहीं, फिरतीवरील अधिकाऱ्यांस बसावयास कातडें व जाळावयास कोळसा द्यावा लागणार नाहीं, अशा सवलती सांगतां सांगतां मीठ, खाणकाम आणि ‘क्लिन्न’ यांविषयींचीहि मोकळीक दिली आहे. हा ‘क्लिन्न’ म्हणजे ‘किण्व’, अर्थात् मद्य उठविण्याचें विरजण, असा अर्थ संशोधकांनीं लाविला आहे. शेजारीं मीठ व खनिज हे राजाच्या मक्तेदारीचे दोन प्रसिद्ध विषय असल्यामुळें हाच अर्थ प्रकरणास जुळतो. म्हणजे पांचव्या शतकांत वऱ्हाडच्या खेड्यांत किण्व ही एवढी नित्याची वस्तु होती कीं तिच्यावर राजाचा हक्क असे, आणि तो हक्क सोडावयाचा तर तांब्यावर कोरून सोडावा लागे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील सुराध्यक्षाचें प्रकरण याशेजारीं ठेविलें म्हणजे चित्र पुरें होतें. सुरा व किण्व यांचा व्यवहार सुराध्यक्षानें नगरांत, खेड्यांत व छावणींत जाणत्या माणसांकडून करवावा, असा तेथें नियम आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे सहा प्रकार सांगितले आहेत. मेदकाचें प्रमाण एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व असें आहे. किण्व स्वतः कसें बांधावें हेंहि दिलें आहे : एक द्रोण उडदाचा कल्क, कच्चा अथवा शिजविलेला, त्यांत त्याहून तिसऱ्या हिश्शानें अधिक तांदूळ आणि कांहीं वनस्पतींची एकेक कर्ष पूड. सुरा व किण्व यांसाठीं लागणारीं द्रव्यें वेंचण्याचें काम स्त्रिया व मुलें यांनीं करावें, असें तो म्हणतो. उत्सव, जत्रा व यात्रा यांच्या वेळीं चार दिवस घरीं सुरा करण्याची मोकळीक द्यावी, हेंहि त्याचेंच वचन आहे.

कोजी व किण्व यांचें साम्य येथें सहज लक्षांत येईल. दोहोंचेंहि काम धान्याच्या पिष्टाची साखर करून मद्यास वाट करून देणें हेंच. भेद इतकाच कीं जपानी कारागीर बुरशी मोकळ्या भातावर वाढवितो, आणि आमचे पूर्वज कडधान्य, तांदूळ व औषधि यांचा गोळा बांधीत. असा गोळा नेपाळांत ‘मर्चा’ व छोटा नागपुरांत ‘राणू’ या नांवानें अजून वापरण्यांत आहे. वऱ्हाडांतून तो नाहींसा झाला. फक्त शब्द राहिला, आणि तोहि रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील ‘किण्वन’ या पारिभाषिक संज्ञेंत. पांचव्या शतकांत खेडूताच्या तोंडीं असलेला शब्द विद्यार्थी आज नवा म्हणून शिकतो!

४. मोह व भट्टी

वऱ्हाडच्या खेड्यांतून पुढें जें मद्य रूढ झालें तें धान्याचें नव्हे, मोहाचें. मोहाच्या फुलांचा मद्याकडे उपयोग हाहि जुनाच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत आसवांचे ८४ प्रकार गणिले असून त्यांतील दहा पुष्पासवांमध्यें मधूक व धातकी, म्हणजे मोह व धायटी, यांचीं नांवें आहेत. मनूनें गौडी, पैष्टी व माध्वी अशा तीन सुरा सांगितल्या. त्यांपैकीं माध्वी ही मोहाच्या फुलांची, असाहि अर्थ टीकाकारांत आढळतो. फाल्गुन-चैत्रांत पहांटे गळणारीं हीं रसाळ फुलें वेंचून वाळवितात. वाळलेल्या फुलाच्या वजनांत निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असल्यामुळें त्याला किण्वाच्या गोळ्याची गरज पडत नाहीं. फुलें पाण्यांत भिजत घालून कांहीं दिवस आंबूं द्यावीं, मग भट्टीवर चढवून वाफ थंड करून धार उतरवावी, एवढीच ती कृति. यांत एक विवेक मात्र राखला पाहिजे. वाकाटककालीन सुरा ही आंबविलेली. भट्टीची दारू ही ऊर्ध्वपातित. धान्याची जागा फुलांनीं व विरजणाची जागा भट्टीनें केव्हां घेतली, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. दोन्ही एकच मानून चालणें शास्त्रशुद्ध होणार नाहीं.

हा धंदा करणाऱ्या जातीचें ‘कलाल’ हें नांव संस्कृत ‘कल्यपाल’ या शब्दापासून निघालें आहे. नांवाची ही वंशावळच सांगते कीं धंदा परका नव्हता. याशिवाय एक शाखा वैद्याच्या घरीं सुखरूप राहिली. धायटीचीं फुलें, गूळ व काढा तुपानें माखलेल्या मडक्यांत तोंड बांधून महिनाभर मुरविण्याची आसवारिष्टांची रीत आज औषधशाळांतून चालू आहे, आणि प्राचीन संधानविद्येचा आमच्याकडे प्रतिष्ठेनें उरलेला तेवढाच अवशेष होय.

५. अबकारीचा इतिहास

इंग्रजी राज्यानें मद्याकडे प्रथम उत्पन्नाच्या दृष्टीनें पाहिलें. मुंबई इलाख्यांत १८७८ चा अबकारी कायदा झाला. १८९२ च्या मोहाच्या कायद्यानें तर ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत फुलें बाळगण्यावरच निर्बंध आले. १९०५-०६ च्या भारतीय अबकारी समितीनें ठिकठिकाणच्या भट्ट्यांऐवजीं मध्यवर्ती गाळणींतून ठेक्यानें पुरवठा करण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. मध्यप्रांतांत १९१५ चा अबकारी कायदा झाला. हेतु असा कीं मद्य थोड्या ठिकाणीं तयार व्हावें, म्हणजे कर वसूल करणें सोपें जावें. परिणाम असा झाला कीं गांवचा कारागीर एक तर ठेकेदाराचा दुकानदार बनला, नाहीं तर गुन्हेगार. जपानांत कर भरणारा कारागीर कोठीचा धनी राहिला. येथें कर भरावयास कारागिराची कोठीच उरली नाहीं.

त्यानंतर दारूबंदीचें युग आलें. मध्यप्रांत व वऱ्हाडचा दारूबंदी कायदा १९३८ सालीं झाला. मुंबईचा १९४९ चा कायदा, विदर्भ त्या राज्यांत सामील झाल्यावर, १९५९ त इकडे लागू करण्यांत आला. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमानेंहि मद्यनिषेधाचा प्रयत्न हें राज्याचें कर्तव्य ठरविलें आहे. या धोरणामागील कळकळ खोटी होती असें कोण म्हणेल? दारूनें उद्ध्वस्त झालेले संसार ज्यानें खेड्यांत पाहिले आहेत त्याला ती समजावून सांगावी लागत नाहीं. परंतु करासाठीं झालेला कायदा व लोककल्याणासाठीं झालेला कायदा हे दोन्ही एका गोष्टींत सारखे ठरले. कारागिराजवळ विद्या आहे आणि ती नोंदवून ठेवण्याजोगी आहे, हें दोघांच्याहि गांवीं नव्हतें.

६. कारंजें आणि नाहींशी झालेली गाडी

याच विस्मृतीचें दुसरें उदाहरण खुद्द लोहमार्गाचें आहे. मूर्तिजापुराहून दोन अरुंद फांटे निघत. एक उत्तरेस अचलपुराकडे, म्हणजे आमच्या चम्मक ताम्रपटाच्या गांवाच्या दिशेनें, सुमारें ७६ किलोमीटर. दुसरा कारंजें व दारव्हा यांवरून यवतमाळास, सुमारें ११३ किलोमीटर. किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या खटपटीनें विसाव्या शतकाच्या आरंभीं हे मार्ग झाले ते कापूस बाहेर नेण्यासाठीं. लोकांनीं गाडीला ‘शकुंतला’ हें गोड नांव दिलें. मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें तिचें वाफेचें यंत्र १९२३ पासून १९९४ पर्यंत चाललें. नंतर डिझेलचें आलें, आणि अलीकडे गाडीच थांबली.

कारंजें हें वाशीम जिल्ह्यांतील सर्वांत समृद्ध इतिहासाचें गांव. परंपरेप्रमाणें १३७८ सालीं श्रीनृसिंहसरस्वतींचा जन्म येथें झाला. १६७० च्या अखेरीस शिवाजी महाराजांनीं या पेठेवर छापा घालून अपार संपत्ति नेली, यावरून तिच्या व्यापाराचा अंदाज येतो. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ व पोहा या दिशांच्या वेशी त्या व्यापाराच्या वाटा दाखवितात. येथील जैन मंदिरांच्या भांडारांतून डॉ. हिरालाल जैन यांनीं अपभ्रंश ग्रंथ उजेडांत आणिले. १९३१ पासून कारंजा जैन ग्रंथमालेंत ‘जसहरचरिउ’, ‘णायकुमारचरिउ’, ‘करकंडचरिउ’ प्रसिद्ध झाले, तेव्हां एका संपूर्ण भाषेच्या इतिहासांतील पोकळी भरून निघाली. त्या पोथ्या शतकानुशतकें कुलुपांत होत्या. त्या टिकल्या, कारण कोणी तरी त्यांना जपण्याजोगें समजलें. ज्या काळांत संशोधक पोथ्यांच्या शोधांत कारंज्यास येत होते, त्याच काळांत याच परिसरांतील भट्ट्या थंड होत होत्या. पोथी लिहिलेली असल्यामुळें विद्या ठरली, आणि हातांत असलेली विद्या मात्र केवळ व्यसन ठरली.

७. उपसंहार

सारांश असा. वत्सगुल्माच्या राजांपासून आजच्या शासनापर्यंत प्रत्येक सत्तेनें मद्यावर हक्क सांगितला. वाकाटकांनीं तो सोडतांना निदान त्याचें नांव तांब्यावर लिहून ठेविलें. आमच्या पिढीनें तेवढेंहि केलें नाहीं. इतरत्र वारे बदलूं लागले आहेत. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ सालीं भौगोलिक उपदर्शनाचें संरक्षण मिळालें, आणि मध्यप्रदेश शासनानें २०२१ सालीं मोहाच्या दारूस वारसा मद्य म्हणून मान्यता देण्याचें धोरण जाहीर केलें. आमच्याकडे तसें व्हावें कीं न व्हावें, हा धोरणकर्त्यांचा प्रश्न आहे, संशोधकाचा नव्हे. संशोधकाचा प्रश्न निराळा व अधिक निकडीचा आहे, कारण साक्षीदार वृद्ध आहेत.

म्हणून संशोधनमंडळांनीं तीन कामें हातीं घ्यावीं असें सुचवावेंसें वाटतें. पहिलें, वाशीम, कारंजें, मानोरा व मंगरूळपीर या भागांतील वृद्धांकडून मोह वेंचणें, आंबविणें व भट्टी लावणें यांतील भांड्यांचीं व क्रियांचीं बोलींतील नांवें लिहून घ्यावीं. माहिती देणाऱ्यास कायद्याची भीति वाटूं नये म्हणून त्याचें नांव लिहूं नये; शब्द तेवढा घ्यावा. दुसरें, जुन्या महसुली दप्तरांतून कलालीच्या बाबती व ठेक्यांचे कागद निवडून काढावे. तिसरें, वाकाटक ताम्रपटांतील माफ्यांच्या मालिकेचा अर्थशास्त्राशीं पदशः ताळा घालून ती स्वतंत्रपणें प्रसिद्ध करावी. कारण राजवंशांचा इतिहास तीवांचून लिहितां येईल, पण खेड्यांचा येणार नाहीं. शकुंतलेचीं ओस पडलेलीं स्थानकेंहि याच यादींत घालावीं. तींहि याच भूमीच्या आर्थिक इतिहासाचे कागद आहेत, फक्त दगडविटांचे.

असें कार्य झालें तर वाशीमला उतरणारा उद्यांचा अभ्यासक पद्मतीर्थ व बालाजी पाहून परत फिरणार नाहीं. ज्या मातींत किण्व हा शब्द राजशासनांत कोरला गेला, तेथें त्या शब्दामागें कोणतें मडकें, कोणता हात व कोणती विद्या होती, हें त्याला विचारतां येईल. आणि उत्तर देणारा एखादा कागद तरी आपण त्याच्यासाठीं ठेवून गेलेलों असूं.